चिडाचा लिसा : खाच किती खोल?

काष्ठौषधींच्या दुकानातला गंधबिरोजा आणि रंगवाल्याकडचे टर्पेंटाइन, दोन्ही हिमालयाच्या उतारांवरच्या चीड (पाइन) वृक्षातून मिळतात. खोडाला जखम झाली की राळ आणि सुगंधी तेल एकजीव असलेला चिकट स्राव पाझरतो. कुमाऊँ-गढवालात त्याला लिसा म्हणतात. त्यात वाफ सोडली की तेल उडून थंड नळीत जमते आणि राळ तळाशी राहते. ढोबळमानाने तीन चतुर्थांश राळ, पाचवा हिस्सा तेल, उरलेले पाणी आणि कचरा.

फ्रान्सच्या लांद भागात १८४०च्या दशकात ह्यूग यांनी झाडाला मातीचे भांडे टांगायची रीत आणली. तीच पुढे कुमाऊँत रुजली. खाच १५ सेंमी लांब, १० सेंमी रुंद, २.५ सेंमी खोल. खाली पत्र्याची पन्हळ, तिच्याखाली भांडे. जखम सुकली की स्राव थांबतो, म्हणून दर आठवड्याला वरची कड ताजी तासायची. मार्च ते नोव्हेंबर हा हंगाम. नियम ठीक होता, पण जास्त मालाच्या हव्यासाने खाचा खोल जात. असे झाड वाऱ्यात तिथेच मोडते, आणि लिशाने माखलेली खाच वणव्यात आधी पेटते.

इंग्रज सरकारने १९११ ते १९१७ दरम्यान कुमाऊँची जंगले राखीव केली. चराई आणि लाकूडफाट्यावर बंधने आली, लिसा मात्र सरकारी उत्पन्नाचा झाला. १९२१च्या आंदोलनात चिडाची राने पेटवली गेली ती या रागातून. स्वातंत्र्यानंतरही कच्चा माल बरेलीजवळच्या क्लटरबकगंजच्या मोठ्या कारखान्याकडेच जात राहिला. गोपेश्वरच्या दशोली ग्राम स्वराज्य संघाने आपला छोटा कारखाना काढला, तर त्याला पुरेसा लिसाच मिळेना. झाडे वाचवण्याच्या चिपको आंदोलनाच्या मुळाशी ही तक्रारही आहे, आणि ती रास्त होती.

त्याआधीच, १९२०च्या सुमारास, डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत रसायनशास्त्रज्ञ सायमनसेन यांनी या तेलातून कॅरीन आणि लाँगिफोलीन ही संयुगे वेगळी काढली. पाइनीन हे संयुग भरपूर असलेल्या फ्रेंच तेलापेक्षा आपले टर्पेंटाइन वेगळे का, हे तेव्हा उलगडले.

खोल खाचेवरचा खरा उपाय म्हणजे रिल पद्धत. साल तासून गुळगुळीत करायची, लाकडात जेमतेम २ मिमी जाणाऱ्या तिरक्या चरी पाडायच्या आणि त्यांवर पातळ केलेल्या गंधकाम्ल व नत्राम्लाचे मिश्रण फवारायचे. आम्लामुळे लाकडातल्या लिसा वाहणाऱ्या नलिकांची तोंडे लवकर बंद होत नाहीत. मात्र आम्ल कडक झाले तर सालीखालचा जिवंत थर करपतो. गोळा केलेला लिसा गंजक्या लोखंडी डब्यात ठेवला तर राळ काळपट निघते आणि भाव पडतो.