बाडमेरचं तेल आणि 670 किलोमीटरचा गरम पाईप

पाईपलाईन म्हटलं की आपल्याला वाटतं खड्डा खणला, पाईप जोडले, माती ढकलली, झालं. बऱ्याच ठिकाणी थोडंफार तसंच असतं पण. राजस्थानात बाडमेरजवळ 2004 साली मंगला नावाचं तेलक्षेत्र सापडलं आणि तिथे वेगळाच घोळ होता, तेल भरपूर पण त्यात मेण इतकं की 40 अंशाच्या आसपास आलं तरी ते थिजायला लागतं, थंडीत बाटलीतलं खोबरेल तेल थिजतं ना तसं. आणि रिफायनऱ्या कुठे, तर तिकडे गुजरातच्या किनाऱ्याकडे.

मग ठरलं की पूर्ण पाईपच गरम ठेवायचा. बाडमेर ते जामनगरच्या बाजूचं भोगात नावाचं गाव, साधारण 670 किलोमीटर, 24 इंची पाईप आणि आतलं तेल सतत 65 अंशाच्या वर. सतत गरम ठेवलेली एवढी लांब पाईपलाईन जगात दुसरी नाही असं सांगतात.

आधी जमीन. इथे शेतकऱ्याची जमीन विकत घेत नाहीत, 1962 च्या पेट्रोलियम पाईपलाईन कायद्याने फक्त वापराचा हक्क घेतात, म्हणजे मालकी शेतकऱ्याचीच, पीक पूर्वीसारखं घ्यायचं पण त्या पट्ट्यात घर, विहीर, मोठी झाडं नाही. पिकाच्या नुकसानभरपाईशिवाय वर जमिनीच्या बाजारभावाच्या 10 टक्के मिळतात, जे मला तरी कमीच वाटतं, कारण ती बंधनं कायमची असतात.

मग पाईप येतात, एकेक साधारण 12 मीटरचा. म्हणजे हिशोब करा, पन्नास हजारांच्या वर जोड! चर खणून त्याच्या कडेने पाईप ओळीने मांडायचे, वळणाच्या जागी मशीनने थंडच वाकवायचे, वेल्डिंग, मग जोडाचा एक्स-रे, त्यात बारीकशी भेग किंवा हवेचा बुडबुडा दिसला की ते कापून परत. साध्या लाईनीत यानंतर जोडावर कोटिंग केलं की पाईप चरात सोडायला मोकळा. इथे नाही, कारण पाईपवर जाड फोम आणि त्यावर प्लास्टिकचं कवच आधीच कारखान्यातून चढवलेलं असतं, फक्त टोकं उघडी, त्यामुळे प्रत्येक जोडावर फोम आणि कवच जाग्यावरच भरायचं आणि तेही पाणी अजिबात शिरणार नाही असं. फोम ओला झाला की त्याचा उपयोग संपला.

आता गरम कसं करतात ते, यातला खरा मजेशीर भाग हाच. तेलाच्या पाईपला चिकटून स्टीलची एक बारीक नळी असते, तिच्यातून इन्सुलेशनवाली केबल ओढतात आणि लांबच्या टोकाला केबल नळीलाच जोडून टाकतात. एसी करंट केबलने जातो आणि नळीने परत येतो, पण 50 हर्ट्झला स्टीलमधे करंट सगळ्या जाडीत पसरत नाही, नळीच्या आतल्या बाजूच्या मिलिमीटरभर थरातूनच वाहतो. एवढ्याशा वाटेतून जाताना नळी तापते, ती उष्णता पाईपला मिळते, आणि बाहेरच्या बाजूला करंट जवळपास नसतोच, म्हणून शॉक लागत नाही. दर वीसेक किलोमीटरला एक हीटिंग स्टेशन, त्यांना वीज लागते, ती गॅसवर तयार करायची म्हणून सोबत गॅसची लाईनपण टाकली.

अजून एक त्रास म्हणजे स्टील तापलं की लांब होतं. 40 अंशाने तापलं तर किलोमीटरमागे जवळजवळ अर्धा मीटर! पण पाईप जमिनीत दाबलेला, तो वाढणार कुठे, मग तो ताण वळणांवर येतो, म्हणून वळणांचा हिशोब वेगळा करावा लागतो.

पुरून झालं की पाणी भरून, चालू कामापेक्षा जास्त प्रेशर देऊन तासन्‌तास चाचणी. मग आतून पिग फिरवतात, म्हणजे पाईपएवढ्या जाडीचा बोळा, तो पुढे तेलाच्याच जोराने ढकलला जातो आणि भिंतीवरचं मेण खरवडत जातो, हे नंतर कायमच चालू राहतं. पूर्ण लाईन भरायलाच अंदाजे 18 कोटी लिटर तेल लागतं, तेवढं कायम आतच!

मंगलातून 2009 च्या ऑगस्टमधे तेल निघायला लागलं. पुढे त्याच भागात पचपदऱ्याला वर्षाला 90 लाख टनांची रिफायनरी ठरली, आणि मूळ आराखड्यात तिच्यात राजस्थानचं तेल फक्त 15 लाख टन, बाकीचं 75 लाख टन आयातीचं, मुंद्र्याहून पाईपलाईनने वर बाडमेरकडे.