टोकियोजवळच्या गरम झऱ्यांवर मुक्काम: आधी न्हाणी ठरवा, मग हॉटेल

मुलगा किंवा मुलगी टोकियोत नोकरीला आहे आणि आई-बाबा पंधरा दिवस, महिनाभर तिकडे निघालेत, अशा घरांसाठी हे माहितीपत्रक आहे. टोकियोतला फ्लॅट लहान असतो आणि मुलांना सुट्टी शनिवार-रविवारचीच. म्हणून एका रात्रीसाठी शहराबाहेर गरम पाण्याच्या झऱ्यावर जाण्याचा बेत ठरतो. अशा झऱ्याला जपानीत ‘ओनसेन’ म्हणतात आणि तिथल्या जुन्या पद्धतीच्या हॉटेलला ‘र्योकान’.

गरम पाण्याचं कुंड आपल्याला नवं नाही. किनवट तालुक्यातलं उनकेश्वर आपल्याकडच्या कितीतरी घरांनी पाहिलेलं असतं. पण तिथे अंगावर कपडा ठेवून आंघोळ होते. ओनसेनच्या मोठ्या हौदात पूर्ण विवस्त्र होऊन, अनोळखी माणसांसोबत बसायचं असतं. बायका वेगळ्या, पुरुष वेगळे, पण कपडा कोणाच्याच अंगावर नाही. पोहण्याचा पोशाखही बहुतेक ठिकाणी चालत नाही. फोटोंत हे कळत नाही, आणि मुलांनाही आई-बाबांना स्पष्ट सांगायला अवघड जातं. मग हजारो येन भरून आई खोलीतच बसून राहते. म्हणून आमचं सांगणं एकच: खोलीचा फोटो बघण्याआधी न्हाणीची व्यवस्था बघा.

न्हाणी कोणती

सामायिक हौद जवळपास प्रत्येक र्योकानमध्ये असतो आणि मुक्कामाच्या पैशांतच येतो. लाज वाटत नसेल तर सगळ्यात छान तोच, कारण तो मोठा असतो आणि बहुतेक वेळा बाहेर उघड्यावरही एक हौद असतो. उघड्यावरच्या हौदाला ‘रोतेनबुरो’ म्हणतात.

लाज वाटत असेल तर ‘काशिकिरी’ शोधा. ही कुटुंबापुरती न्हाणी. दाराला आतून कडी असते आणि साधारण ४० ते ५० मिनिटांसाठी ती तुमचीच. नवरा-बायको दोघं जाऊ शकतात, आईला धरायला मुलगी सोबत जाऊ शकते. काही हॉटेलांत ती फुकट असते, काही ठिकाणी वेगळे पैसे पडतात. वेळ आधीच राखून ठेवावी लागते. संध्याकाळच्या वेळा लवकर भरतात, म्हणून खोलीच्या बुकिंगसोबतच विचारा.

खोलीलाच जोडलेला हौद ही सगळ्यात महाग सोय. इथे एक प्रश्न विचारल्याशिवाय पैसे भरू नका: ‘खोलीतल्या हौदात झऱ्याचंच पाणी येतं का?’ कित्येक ठिकाणी सामायिक हौदात झऱ्याचं पाणी असतं आणि खोलीतल्या टबात साधं नळाचं, तापवलेलं.

सामायिक न्हाणीच्या दारावर पडदे असतात, बहुधा पुरुषांना निळा आणि बायकांना लाल. पण रंगावर जाऊ नका, अक्षर बघा. पुरुषांच्या अक्षरात वर चार खणांचा चौकोन असतो, शेताच्या चार वाफ्यांसारखा. ती खूण जपानीत शेताचीच आहे आणि तिच्याखाली ताकदीची खूण. बायकांच्या अक्षरात चौकोन नाही. कित्येक हॉटेलांत रात्री आणि सकाळी दोन्ही न्हाण्यांची अदलाबदल करतात. काल रात्री ज्या दारातून गेलात, सकाळी तिथेच शिरू नका. दर वेळी चौकोन बघा.

आत गेल्यावर आधी लहान स्टुलावर बसून साबणाने पूर्ण अंग धुवायचं, फेस नीट काढायचा, मग हौदात उतरायचं. केसांना तेल असेल तर तेही धुवा आणि लांब केस वर बांधा. छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही. घडी करून डोक्यावर ठेवतात. हौदाचं पाणी सगळ्यांचं असतं, ते आत अंग चोळायला नसून नुसतं बसायला असतं.

गोंदण आणि चांदी

या दोन गोष्टी खास आपल्या भागातल्या माणसांसाठी लिहीत आहोत, कारण मुंबई-पुण्याच्या माहितीपत्रकांत त्या सापडणार नाहीत.

जपानात अंगावरच्या चित्रांचा संबंध गुंडांच्या टोळ्यांशी जोडला जात आला आहे. म्हणून कित्येक सामायिक न्हाण्यांत गोंदलेल्या माणसाला प्रवेश नसतो. तिथल्या पर्यटन खात्याने २०१५ साली केलेल्या पाहणीत निम्म्याहून अधिक ठिकाणी अशी बंदी आढळली होती. आपल्याकडच्या आईच्या हातावरची तुळस, मनगटावरचं नाव, कपाळावरचा ठिपका यांचा गुंडगिरीशी काडीचा संबंध नाही, पण दारावरच्या माणसाला ते ठाऊक नसतं. बुकिंग करताना आकार सांगून स्पष्ट विचारा. काही ठिकाणी त्वचेच्या रंगाची चिकटपट्टी लावून सोडतात. हातभर गोंदण असेल तर काशिकिरीच घ्या. दारावरून परत फिरण्याचा अपमान आईच्या वाट्याला येऊ नये.

काही झऱ्यांच्या पाण्यात गंधक असतं, आणि अशा पाण्यात चांदी काळी पडते. जोडवी, पैंजण, करदोटा काही मिनिटांत काळवंडू शकतात. जोडवी निघत नसतील तर जायच्या आधी घरीच साबण लावून सैल करून ठेवा. काळी झालीच तर घाबरू नका, तो चांदी आणि गंधक मिळून आलेला थर असतो. भांड्याच्या तळाशी ॲल्युमिनियमची फॉइल पसरा, चमचाभर खायचा सोडा घाला, चांदी फॉइलला टेकवून ठेवा आणि वरून उकळतं पाणी ओता. थोड्या वेळात काळेपणा उतरतो. खडे किंवा मोती जडवलेल्या दागिन्यांना हे करू नका.

पाणी खरंच झऱ्याचं आहे का

जपानच्या १९४८ च्या कायद्याप्रमाणे जमिनीतून निघताना २५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून गरम असलेलं पाणी ओनसेन ठरतं. तेवढं गरम नसलं तरी ठरवून दिलेल्या १९ घटकांपैकी एक जरी पुरेशा प्रमाणात असला, तरी ते ओनसेनच. म्हणजे ‘ओनसेन’ लिहिलेलं पाणी मुळात थंड असून तापवलेलंही असू शकतं. ती फसवणूक नाही, पण माहीत असावं. २००४ साली काही ठिकाणी पाण्यात रंगाची पूड टाकल्याचं उघड झालं. त्यानंतर, २००५ पासून, पाण्यात साधं पाणी मिसळतात का, ते तापवतात का, गाळून पुन्हा फिरवतात का आणि जंतुनाशक घालतात का, हे फलकावर लिहिणं बंधनकारक आहे. मुलांना हॉटेलच्या पानावर ‘गेनसेन काकेनागाशी’ हे शब्द शोधायला सांगा. त्याचा अर्थ झऱ्याचं पाणी सतत येतं आणि वाहून जातं, पुन्हा फिरवत नाहीत.

हाकोने, अतामी की कुसात्सु

पहिल्यांदा जाणाऱ्या वयस्कर जोडप्याला आम्ही हाकोने सुचवतो. टोकियोतल्या शिंजुकू स्टेशनहून ‘रोमान्सकार’ गाडी साधारण दीड तासात थेट हाकोने-युमोतोला नेते. जागा राखीव असतात आणि तिकिटाखेरीज जलद गाडीचे वेगळे पैसे पडतात. हाकोने फ्रीपास, म्हणजे तिथल्या गाड्या-बसचा एकत्र पास, घेतला तरी ते वेगळेच भरावे लागतात, यावर अनेकांचा गोंधळ होतो. युमोतोचं पाणी सौम्य, आणि स्टेशनजवळ हॉटेल घेतलं की चढ-उतार वाचतो. वर ‘गोरा’ आणि ‘सेंगोकुहारा’ या गावांकडे गेलं की गंधकाचं दुधाळ पाणी मिळतं, पण गोरापर्यंत पोचायला छोट्या डोंगरी गाडीने आणखी पाऊण तास धरा; सेंगोकुहाराला ही गाडी जात नाही, बसने जावं लागतं. हाकोनेतल्याच ओवाकुदानी या ज्वालामुखीच्या दरीत जमिनीतून धूर निघताना दिसतो. दमा, हृदयविकार असणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी तिथे जाऊ नये, हवेत ज्वालामुखीचे वायू असतात. जोराचा वारा किंवा वायू वाढला की तिथला रोपवे बंद पडतो, म्हणून परतीची गाडी त्याच्या भरवशावर ठरवू नका. फुजी पर्वत दिसेलच असं नाही. हिवाळ्यात आकाश मोकळं असतं, जून ते ऑगस्ट ढगच जास्त.

अतामी समुद्रकाठी. टोकियोहून ‘कोदामा’ बुलेट ट्रेनने पाऊण तास ते पन्नास मिनिटं. ‘नोझोमी’ ही बुलेट ट्रेन तिथे थांबत नाही, चुकून तिच्यात बसू नका. पाणी खारट. गाव उतारावर वसलेलं आहे, गुडघे दुखत असतील तर हॉटेलची गाडी स्टेशनवर येते का ते विचारा.

कुसात्सुचं पाणी सगळ्यांत प्रखर, पीएच साधारण २, म्हणजे लिंबाच्या रसाइतकं आंबट. डोळ्यांत गेलं तर झोंबतं, चिरलेल्या टाचांना आग होते. गाव १,२०० मीटर उंचीवर, हिवाळ्यात बर्फ. टोकियोतल्या उएनो स्टेशनहून गाडी आणि पुढे बस मिळून तीन तास सहज लागतात. एका रात्रीसाठी ही दगदग वयस्करांना जास्त होते. दोन रात्री काढणार असाल तरच जा.

जेवण

सगळ्यात जास्त पंचाईत इथे होते. जपानी स्वयंपाकाचा पाया ‘दाशी’ हे पाणी आहे आणि ते बहुधा सुकवलेल्या माशापासून काढतात. मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचं) सूप, तेंपुरा या भज्यांसोबतचं पाणी, उकडलेल्या भाज्या, सगळ्यांत ते असतं. नुसतं ‘शाकाहारी’ सांगितलं तर मटण-मासे काढतात, दाशी तशीच राहते. माळकरी माणसाला हे नंतर कळलं तर किती वाईट वाटेल, याचा विचार करा. बुकिंग करतानाच, जपानीत, लेखी कळवा: ‘निकु तो साकाना वा ताबेमासेन. कात्सुओदाशी मो ताबेमासेन.’ म्हणजे मांस आणि मासे खात नाही, माशाचं दाशीही चालत नाही. अंडं चालत नसेल तर ‘तामागो’ हा शब्द जोडा. जेवणाची तयारी आधीच झालेली असते, त्या दिवशी सांगून उपयोग नाही.

हॉटेलने ‘जमणार नाही’ असं कळवलं तर ते प्रामाणिकपणे सांगत आहेत असं समजा आणि ‘सुदोमारी’, म्हणजे जेवणाशिवायची खोली घ्या. दशम्या, जवसाची चटणी, भाजलेला चिवडा सोबत असला की एक रात्र निभते. साधा भात जवळपास सगळीकडे मिळतो. मात्र भारतातून निघताना संत्री, आंबे, ताजा कढीपत्ता, हिरव्या मिरच्या बॅगेत टाकू नका. जपानच्या विमानतळावर ताजी फळं-भाजी आणि मांसाचे पदार्थ अडवतात.

खोली आणि गुडघे

र्योकानमध्ये चटईवर गादी घालून झोपायचं आणि बुटक्या टेबलापाशी जमिनीवर बसून जेवायचं असतं. जमिनीवर बसायची सवय आपल्याला आहे, पण साठीनंतर उठणं कठीण जातं. पलंग असलेली खोली आणि जेवायला खुर्ची मागा. न्हाणीपर्यंत लिफ्ट आहे का, हौदाला धरायला कठडा आहे का, हेही विचारून घ्या. खोलीत ‘युकाता’ नावाचा अंगरखा ठेवलेला असतो. उजवी बाजू आत, डावी वर. उलटं फक्त मृत माणसाला नेसवतात.

तब्येत

हौदाचं पाणी साधारण ४० ते ४३ अंश असतं. एका वेळी दहा मिनिटं पुरेत. बीपीची गोळी घेणाऱ्यांना एकदम उठल्यावर चक्कर येते, म्हणून कठडा धरून, हळू उठा. जेवल्यावर लगेच किंवा दारू घेऊन उतरू नका. मधुमेहात पायाला चटका कळत नसेल तर पाणी आधी हाताच्या कोपराने बघा, जखम असेल तर उतरूच नका. इन्सुलिन घेणाऱ्यांनी सुई टोचल्यावर लगेच गरम पाण्यात जाऊ नये, उष्णतेने इन्सुलिन लवकर भिनतं आणि साखर उतरते. सिकलसेलच्या रुग्णाला शरीरातलं पाणी कमी होणं आणि गरमातून एकदम थंडीत येणं, दोन्हींमुळे कळा सुरू होऊ शकतात. त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा बेत ठरवू नये.

पैसे आणि तारीख

दर खोलीचा नसून बहुधा माणशी असतो आणि त्यात रात्रीचं जेवण आणि नाश्ता धरलेला असतो. उदाहरणार्थ, १८,००० येन लिहिलेले असतील तर दोघांचे ३६,००० आणि वर माणशी साधारण १५० येन स्नानकर. लहान गावात रोख जवळ ठेवा. शनिवारची रात्र महाग, रविवारची स्वस्त. मुलाला सोमवारी रजा मिळत असेल तर रविवारीच जा. आपल्याकडच्या उन्हाळ्यातून सुटका म्हणून लोक एप्रिलअखेरची तिकिटं काढतात, पण २९ एप्रिल ते ५ मे हा जपानचाही मोठा सुट्टीचा आठवडा. दर चढतात, गाड्या भरतात. ६ मेनंतरचे दिवस धरा.

हॉटेलात साधारण दुपारी ३ वाजता घेतात आणि सकाळी १० ला सोडावं लागतं. जेवणाची वेळ ठरलेली, बहुधा संध्याकाळी ६ ते ७. उशिरा पोचलात तर जेवण मिळेलच असं नाही. मोठ्या बॅगा मुलाच्या घरीच ठेवा, एका रात्रीची छोटी पिशवी पुरते.

आमच्याकडे विचारायला येताना एका कागदावर एवढं लिहून आणा: दोघांची वयं, चालू औषधं, गोंदण कुठे आणि केवढं, जेवणात काय चालत नाही, जमिनीवरून उठता येतं का, आणि मुलांच्या घराजवळचं स्टेशन. एवढं हातात असलं की योग्य न्हाणी शोधायला आम्हाला वेळ लागत नाही.