संगणक बिघडला की बिटकॉइन बुडतात का?

बिटकॉइन या डिजिटल चलनाबद्दल ‘त्याची नाणी संगणकात साठवलेली असतात, संगणक जळला की ती गेली, म्हणून ऑनलाइन सेवेकडेच ठेवावीत’ असा संदेश अनेक वर्षे फिरतो आहे. विदर्भातील ज्या गावांत वीज वारंवार जाते आणि पावसाळ्यात यंत्रे जळतात, तेथे ही भीती स्वाभाविकच आहे.

प्रत्यक्षात नाणी कोणाच्याच संगणकात नसतात. २००९ पासून चालत आलेली त्यांची नोंदवही जगभरातील हजारो संगणकांवर एकाच वेळी असते. आपल्या वॉलेटमध्ये, म्हणजे बिटकॉइन वापरण्याच्या ॲपमध्ये किंवा उपकरणात, असते ती केवळ व्यवहारावर सही करणारी गुप्त किल्ली, आणि बहुतेक वॉलेट ती सुरुवातीला दिलेल्या १२ किंवा २४ शब्दांवरून पुन्हा तयार करून देतात. ते शब्द कागदावर लिहून सुरक्षित ठेवले असतील, तर संगणक जळूनही नाणी शाबूत राहतात. किल्ली आणि शब्द दोन्ही गेले, तर मात्र ती कोणालाही परत मिळवून देता येत नाहीत. ऑनलाइन सेवेत किल्ली सहसा त्या सेवेकडेच असते, त्यामुळे ती सेवा बुडाली किंवा तिच्यावर हल्ला झाला, तर नुकसान आपले होते. माझ्या मते हा धोका त्या संदेशात सांगितला जात नाही, हीच त्याची मोठी उणीव आहे.

खात्री करायची असल्यास नव्या वॉलेटमध्ये अगदी थोडी रक्कम घ्यावी, शब्द लिहून ठेवावेत, वॉलेट काढून टाकावे आणि आपल्याच दुसऱ्या यंत्रावर त्या शब्दांनी ते परत उघडावे; शिल्लक तशीच दिसेल. मात्र हे शब्द तालुक्याच्या सायबर कॅफेत टाकू नयेत आणि त्यांचा फोटोही काढू नये.