केविन मिटनिक आणि पुढचा आकडा

२५ डिसेंबर १९९४, नाताळचा दिवस. सॅन दिएगोतले संगणकतज्ज्ञ त्सुतोमु शिमोमुरा यांच्या संगणकात कोणीतरी घुसले, तेही पासवर्ड न चोरता.

त्या काळी एका जाळ्यातले संगणक एकमेकांना पत्त्यावरून ओळखत. ओळखीच्या पत्त्यावरून कोणी आले तर पासवर्ड विचारायचा नाही, अशी सोय करून ठेवता येई. पाकिटावर पाठवणाऱ्याचा खोटा पत्ता लिहिणे जितके सोपे, तितकेच हेही. अडचण पुढची होती. उत्तर जाते खऱ्या मालकाकडे, आणि त्यातला क्रमांक परत कळवल्याशिवाय जोडणी पक्की होत नाही. न पाहिलेला क्रमांक सांगणार कसा?

घुसखोराने आधी काही साध्या जोडण्या मागून पाहिल्या. दर नव्या जोडणीला क्रमांक १,२८,००० ने वाढत होता! मग अर्धवट विनंत्यांचा मारा करून खऱ्या मालकाचे तोंड बंद केले, पुढचा आकडा न बघताच कळवला आणि आत शिरकाव झाला. ही फट बेल लॅब्ज या अमेरिकन संशोधनसंस्थेतल्या रॉबर्ट मॉरिसने १९८५ मध्येच लिहून दाखवली होती. नऊ वर्षे फारसे कोणी मनावर घेतले नाही. १९९६ मध्ये स्टीव्हन बेलोविन यांनी सुरुवातीच्या क्रमांकात गुपित मिसळण्याची रीत सुचवली, तेव्हा हा अंदाज अवघड झाला.

संशय केविन मिटनिक या फरार अमेरिकन हॅकरवर गेला. प्रत्यक्ष घुसला तो आपला मित्र, असे तो पुढे सांगत राहिला. शिमोमुरांनी मात्र मोबाइलच्या लहरींचा माग काढत एफबीआयला मदत केली आणि १५ फेब्रुवारी १९९५ रोजी रॅले शहरात, अडीच वर्षे फरार असलेला मिटनिक सापडला.

माझ्या मते त्याची खरी करामत टेलिफोनवरची. डेन्व्हरमध्ये खोट्या नावाने नोकरी करताना, कामावरून चालत घरी जाता जाता त्याने मोटोरोलाला फोन लावला आणि सहकारी असल्याची बतावणी करून नव्या मोबाइलचा सोर्स कोड, म्हणजे त्याच्या प्रणालीचा मूळ मजकूर, मागवला. फाइल बाहेर जाईना, तर समोरच्या बाईंनी सुरक्षा विभागाकडूनच मार्ग काढून घेतला, असे तो सांगे. इथेही पत्ता खोटाच, फक्त फसला तो माणूस.

फोनमध्ये शिट्टी वाजवून हा अण्वस्त्रे सोडू शकतो, असा अचाट दावा त्याच्या आधीच्या, १९८८ मधल्या अटकेच्या वेळी न्यायालयात झाला होता आणि तेव्हा त्याला एकांतकोठडीत ठेवले गेले होते. १९९५ च्या अटकेनंतर मात्र जवळजवळ पाच वर्षांनी, जानेवारी २००० मध्ये तो सुटला. इंटरनेटला हात लावायची मुभा मिळाली २००३ मध्ये. तोवर अमेरिकेच्या सिनेट समितीपुढे त्याची साक्षही झाली होती. पुढे २०२३ मध्ये निधन होईपर्यंत तो कंपन्यांच्याच सांगण्यावरून त्यांच्या यंत्रणांत शिरण्याचा प्रयत्न करी आणि सापडलेल्या फटी त्यांना दाखवून देई. व्हिजिटिंग कार्ड मात्र त्याने धातूचे करून घेतले होते. त्यातल्या पट्ट्या सुट्या केल्या की कुलूप उघडता येई.