बेतलेली सहल (ख्मेर मंदिरांची)

बेतलेली सहल (ख्मेर मंदिरांची) : कंबोडियातील आणि शेजारच्या थायलंड-लाओसमधील ख्मेर, म्हणजे कंबोडियन लोकांची जुनी देवळे एखाद्या कुटुंबाला किंवा चार-सहा जणांच्या गटाला त्यांच्या आवडीप्रमाणे, सवडीप्रमाणे आणि गुडघ्यांच्या ताकदीप्रमाणे दाखवणारी महागडी सहल. पर्यटन कंपन्या हिला ‘कस्टमाइज्ड’ किंवा ‘टेलर-मेड’ टूर म्हणतात. शिंपी कापड बेततो आणि आपण सुट्टीचा बेत करतो, तेव्हा मराठीला यासाठी वेगळा शब्द शोधावा लागत नाही. या सहलीत पैसे कशाचे मोजले जातात, याबद्दल मात्र गैरसमज फार. हॉटेलचा पोहण्याचा तलाव आणि थंडगार ओले नॅपकिन जगभर मिळतात. इथे विकत घ्यायची गोष्ट म्हणजे क्रम : कोणते देऊळ कधी, कोणत्या दाराने आणि किती वेळ.

बेतलेल्या सहलींचे केंद्र सिएम रीप हे शहर. त्याच्या उत्तरेला सुमारे ४०० चौ. किमी. क्षेत्रात अंगकोरचा, म्हणजे ख्मेर राजांच्या जुन्या राजधानीचा पुरातत्त्वीय परिसर पसरला आहे. १९०७ मध्ये सयामने (आजच्या थायलंडने) हा प्रांत फ्रेंचांच्या हवाली केला आणि वर्षभरातच अंगकोरच्या जतनासाठी स्वतंत्र कचेरी सुरू झाली. फ्रेंचांनी देवळांना जोडणारे दोन फेऱ्यांचे रस्ते आखले, १७ किमी.ची छोटी फेरी आणि २६ किमी.ची मोठी. आजच्या बहुतेक बसगाड्या याच रस्त्यांवरून त्याच क्रमाने फिरतात, आणि चांगला आखणीकार नेमका हाच क्रम उलटा करतो. श्रीमंत पाहुण्यांची सोयही जुनीच आहे. ग्रँड हॉटेल दांगकोर १९३२ मध्ये उघडले. राजा सिहानूकच्या साठच्या दशकातल्या अतिथिगृहात २००२ पासून ‘अमनसारा’ हे हॉटेल चालते. मधली यादवी आणि ख्मेर रूज या कम्युनिस्ट गटाची राजवट यांनी ही वाट पार बुजवून टाकली होती. १९९२ मध्ये अंगकोर जागतिक वारसा यादीत आले ते ‘धोक्यातील वारसा’ या शेऱ्यासह. तो शेरा २००४ मध्ये निघाला.

अंगकोर वाट हे दुसऱ्या सूर्यवर्म्याचे, बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातले विष्णुमंदिर. ते पश्चिमाभिमुख आहे. पहाटे पाचला दार उघडते आणि डावीकडच्या तळ्याकाठी मोबाइल उंचावलेली शेकडो माणसे उभी राहतात. मळभ असले तर सूर्य दिसत नाही, पण माणसे दिसतातच. सूर्योदय झाला की हा सगळा मेळा न्याहारीला पांगतो. जाणकार गाईड आपल्या पाहुण्यांना त्याच सुमारास मागच्या, म्हणजे पूर्वेकडच्या दाराने आत आणतो. तिकडे झाडी, पायवाट आणि शांतता असते. पूर्वेच्या ओवरीत त्या वेळी कोवळे ऊन येते, आणि त्या उन्हात समुद्रमंथनाचा सुमारे ४९ मीटर लांबीचा शिल्पपट उजळतो. वासुकीच्या एका अंगाला असुर, दुसऱ्या अंगाला देव, मध्ये कूर्माच्या पाठीवर मंदर आणि विष्णू, वर अप्सरांचे थवे, खाली पाण्यात मासे-मगरी. रवीजवळ पोचलेल्या माशांचे अक्षरशः तुकडे झालेले कोरले आहेत. कुरुक्षेत्र आणि लंकेचे युद्ध पश्चिमेच्या ओवरीत आहे, म्हणून ते दुपार कलल्यावर पाहावे. एकाच फेरीत सगळे उरकायला निघालेल्यांना यातली एक बाजू सावलीत मिळते.

मराठी माणसाला इथे एक अडचण येते. पाय आपोआप प्रदक्षिणेच्या दिशेने वळतात आणि कथा उलटी लागते. हे शिल्पपट अपसव्य क्रमाने, देऊळ डाव्या हाताला ठेवून वाचायचे आहेत. त्यावरूनच हे राजाचे स्मृतिमंदिर असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. दक्षिणेच्या ओवरीत रेड्यावर बसलेला यम आणि निवाडा करणारा चित्रगुप्त भेटतात, तेव्हा हे मत पटू लागते. भारतीय पाहुण्यांच्या सहलीत आणखी एक काटछाट करता येते. शरपंजरी पडलेले भीष्म कोण, हे समजावण्यात अर्धा तास घालवू नका, असे गाईडला आधीच सांगावे. तो वेळ दगड कुठून आला, राजा कोणाशी लढत होता, तळी कशी भरत, या गोष्टींना द्यावा. देवळांच्या आवारात परवानाधारक कंबोडियन गाईडच माहिती सांगू शकतो. सोबत नेलेल्या मराठी टूर लीडरने तिथे व्याख्यान दिलेले चालत नाही. त्यामुळे हॉटेलच्या खोलीपेक्षा गाईडच्या निवडीवर घासाघीस करणे शहाणपणाचे.

परिसरात फिरायला पास लागतो. २०१७ पासून एका दिवसाला ३७, तीन दिवसांना ६२ आणि सात दिवसांना ७२ डॉलर असा दर आहे, आणि त्यातले दोन डॉलर कंथा बोफा या बालरुग्णालयांना जातात. तीन दिवसांचा पास दहा दिवसांत कधीही वापरता येतो, म्हणून मधला एक दिवस काहीच न पाहण्याचा ठेवता येतो. सुखवस्तू प्रवाशाला हा दिवस वाया वाटतो. चौथ्या दिवशी सगळे गोपुर सारखेच दिसू लागले की त्याची किंमत कळते. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे हवेत. अंगकोर वाटच्या सर्वांत वरच्या मजल्याचा जिना खडा आहे, आणि बौद्धांच्या उपोसथाच्या (व्रताच्या) दिवशी तो मजला बंद असतो. पंचांग न पाहता आखलेली सहल इथेच फसते.

सातव्या जयवर्म्याने ११८६ मध्ये आईच्या नावे उभारलेल्या ता प्रोम देवळाच्या भिंतींवर वडासारख्या मुळांनी बैठक मारली आहे. तिथल्या डागडुजीचे काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहे. याच खात्याने १९८६ ते १९९३ या काळात, बाकीचे देश कचरत असताना, अंगकोर वाटवर काम केले. दगड रसायनांनी धुतल्याबद्दल त्यावर टीकाही पुष्कळ झाली.

शहरापासून सुमारे ३५ किमी.वर बांतेय स्रेइ आहे. ‘स्रेइ’ म्हणजे स्त्री. हे राजाचे देऊळ नव्हे. यज्ञवराह नावाच्या राजगुरूने ते बांधवले आणि ९६७ मध्ये तिथे शिवाची स्थापना झाली. गुलाबी वालुकाश्मात चंदनावर करावे तसे बारीक काम आहे आणि गाभाऱ्याची दारे इतकी बुटकी की मोठ्या माणसाला वाकूनच जावे लागेल. अर्थात आता आत सोडत नाहीत. एका त्रिकोणी शिल्पपटावर रावण कैलास हलवतो आहे. वेरूळच्या सोळाव्या लेण्यातला रावण पाहिलेल्या माणसाने इथे थोडे थांबावे. वेरूळला तो अंधारातून पर्वत रेटतो; इथे मात्र पर्वत पायऱ्यापायऱ्यांचा, ख्मेर देवळासारखा झाला आहे, त्यावर घाबरलेले ऋषी आणि पशू ओळीने बसले आहेत, आणि पार्वती शिवाला बिलगली आहे. परतीच्या वाटेवर प्रेअह दाक गावात रस्त्याकडेला कढयांत ताडगूळ आटवतात. गाडी इथे थांबवणे ही ऐषआराम सहलीतली सर्वांत स्वस्त आणि बहुधा सर्वांत लक्षात राहणारी गोष्ट.

जेवणाबाबत शाकाहारी मंडळींनी सावध असावे. ‘मांस नको’ म्हटले तरी भाजीत मासळीचे पाणी किंवा प्राहोक, म्हणजे आंबवलेल्या माशांचा गोळा, असू शकतो. आखणी करतानाच हे स्वयंपाकघरापर्यंत पोचवावे लागते. मासे खाणाऱ्या कोकणी जिभेला मात्र नारळाच्या दुधात, केळीच्या पानात वाफवलेला माशांचा आमोक परका वाटत नाही.

आसपासचा मुलूखही बेतात धरतात. कुलेन डोंगरावर ८०२ मध्ये दुसऱ्या जयवर्म्याने स्वतःला सार्वभौम घोषित केले. क्बाल स्पेअन येथे नदीच्या तळात शेकडो लिंगे कोरलेली आहेत, पावसाळ्यानंतर त्यांवरून पाणी खळाळत असते. तोन्ले साप तळे पावसाळ्यात कित्येक पटींनी फुगते आणि त्याच्या काठची गावे उंच खांबांवर उभी आहेत. कोरड्या, सुसह्य हवेसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने धरतात, पण सप्टेंबरात खंदक भरलेले, शेवाळ हिरवे आणि गर्दी कमी असते. छत्री घेऊन हिंडायची तयारी हवी. दूरच्या बांतेय छ्मार या देवळापाशी गावकऱ्यांनी चालवलेली घरगुती मुक्कामाची सोय आहे. थायलंडच्या सीमेवरच्या डांगरेक डोंगराच्या कड्यावरचे प्रेअह विहेअर मंदिर १९६२ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने कंबोडियाला दिले, तरी सीमेचा वाद धुमसतच राहिला आणि जुलै २०२५ मध्ये तिथे पुन्हा तोफा धडाडल्या. थायलंडमधील फनोम रुंग किंवा फिमाय या देवळांना जोडून सहल करायची, तर रस्त्याने सीमा ओलांडण्यावर विसंबू नये.

आवारातली शांतता फुकट आलेली नाही, हेही नोंदवायला हवे. २०२२ पासून परिसरातली हजारो कुटुंबे रुन ता एक या नव्या वसाहतीत हलवली गेली. सरकार त्यांना स्वखुशीने गेलेले म्हणते. मानवी हक्क संघटनांना ते मान्य नाही. पाहुण्याला फक्त मोकळी पायवाट दिसते.

एकेकाळची राजधानी कोह केर (९२८–९४४) ही दिवसभराची सहल, आणि ती नेहमी आजची राजधानी नोम पेन्ह हिच्या आधी ठेवावी. तिथल्या प्रासात चेन या देवळात भीम आणि दुर्योधन यांच्या गदायुद्धाचा संपूर्ण देखावा सुट्या मूर्तींत उभा होता, बलराम आणि पांडव बघ्यांच्या जागी. यादवीच्या काळात चोरांनी मूर्ती घोट्यांपासून तोडून नेल्या, आणि त्या परदेशी लिलावगृहांत आणि संग्रहालयांत पोचल्या. जोती मात्र जागेवर राहिली, त्यांवर पावले शिल्लक होती, आणि त्या पावलांवरूनच मूर्तींची ओळख पटली. दुर्योधन, भीम आणि बलराम २०१४ मध्ये परत आले. नोम पेन्हच्या राष्ट्रीय संग्रहालयात दुर्योधन आता गुडघे वाकवून, झेप घेण्याच्या पवित्र्यात उभा आहे. कोह केरचे रिकामे देऊळ आधी पाहिलेल्या माणसाची नजर तिथे प्रथम त्याच्या घोट्यांकडे जाते.