पीसीला वॅट भोवले

पीसीचे दिवस भरले, ही बातमी आता जुनी झाली. पुढे पीसी ट्रकसारखे होतील, राहतील पण थोड्याच लोकांना लागतील, असं अ‍ॅपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्ज २०१०च्या जूनमध्येच बोलून गेले होते. त्याच वर्षाच्या अखेरच्या तिमाहीत जगात स्मार्टफोनची विक्री पीसीच्या पुढे गेली. २०११मध्ये पीसीच्या वर्षभराच्या विक्रीने सुमारे ३६ कोटी नगांचा कळस गाठला आणि तिथून उतरण लागली. २०१९पर्यंत आकडा २६ कोटींच्या आसपास आला होता. कोविडमध्ये शाळा-कचेऱ्या घरात शिरल्या तसा तो पुन्हा ३४ कोटींच्या घरात गेला आणि दोन वर्षांत खाली बसला. स्मार्टफोन मात्र वर्षाला शंभर कोटींहून जास्त खपतात.

असं का झालं, म्हणून विचारलं तर कुणी सोय सांगतं, कुणी किंमत, कुणी स्वस्त इंटरनेट. ते खरंच आहे. पण माझ्या मते पीसीची गाडी अडली ती बाजारात नव्हे, चिपच्या आत. तिथे उष्णता आडवी आली.

चिपमधले कोट्यवधी ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेचे इवलेसे स्विच, सतत चालू-बंद होत असतात. प्रत्येक वेळी किंचितसा विद्युतभार भरतो आणि रिकामा होतो, त्यात ऊर्जा जाते आणि तिची उष्णता होते. हा खर्च वेगाच्या पटीत वाढतो, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. व्होल्टेज निम्मं केलं, तर खर्च पावपट. आयबीएममधले रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४मध्ये दाखवून दिलं, की ट्रान्झिस्टर जितका लहान कराल तितकं त्याचं व्होल्टेज उतरवता येतं. त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर बसवले, ते जास्त वेगाने पळवले, तरी चिप आधीपेक्षा जास्त तापत नाही. पुढची तीसेक वर्षं सगळा उद्योग याच हिशेबावर जगला. १९८१चा आयबीएम पीसी ४.७७ मेगाहर्ट्झवर चालायचा, २००४च्या अखेरीचा इंटेलचा पेंटियम ४ हा प्रोसेसर थेट ३.८ गिगाहर्ट्झवर, म्हणजे ३,८०० मेगाहर्ट्झवर. तेवीस वर्षांत जवळजवळ आठशे पट!

आणि तिथेच घोडं अडलं. ट्रान्झिस्टर इतके बारीक झाले, की बंद असतानाही त्यांच्यातून वीज झिरपू लागली. व्होल्टेज आणखी उतरवावं तर ही गळती वाढते, न उतरवावं तर चिप भाजून निघते. तो पेंटियम शंभर वॅटच्या वर वीज खात होता. इंटेलने ४ गिगाहर्ट्झचं आश्वासन दिलेलं होतं, ते २००४च्या ऑक्टोबरमध्ये मागे घेतलं. त्या वेळचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी एका परिषदेत, अर्थात थट्टेने, श्रोत्यांपुढे चक्क गुडघे टेकून माफी मागितली.

ग्राहकाच्या बाजूने याचा अर्थ साधा होता. तोवर दर तीन-चार वर्षांनी नवा पीसी घेतला की फरक डोळ्यांना दिसायचा. आता तो दिसेना. चिपमध्ये एकाच्या जागी दोन-चार कोर, म्हणजे हिशेब करणारे गाभे, आले, पण पत्र टाइप करायला चार कोर काय कामाचे? जुन्या मशीनमध्ये एसएसडी, म्हणजे माहिती साठवणारी वेगवान डिस्क, टाकली की ते आणखी चार-पाच वर्षं सहज ओढतं, हे दुकानदारालाही कळलं. विक्री घसरली त्यात मोबाइलचा हात आहेच, पण जुना पीसी बिघडत नव्हता आणि नवा मोह पाडत नव्हता, याचाही वाटा मोठा आहे.

आता दुसऱ्या बाजूला या. ब्रिटनमधल्या केंब्रिजच्या एकॉर्न या छोट्या कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी स्वतःचा प्रोसेसर आखला. हाताशी माणसं कमी, पैसे त्याहून कमी. महागडं सिरॅमिक आवरण परवडणारं नव्हतं. प्लॅस्टिकच्या आवरणात चिप बसवायची, तर तिने एका वॅटपेक्षा जास्त वीज खाता कामा नये. नेमका अंदाज बांधण्याची साधनं नव्हती, म्हणून त्यांनी सगळीकडे हात राखूनच काम केलं. २६ एप्रिल १९८५ रोजी पहिली चिप हातात आली आणि चालू झाली. पुढे ती किती वीज घेते हे पाहायला फर्बरनी अ‍ॅमीटर जोडला, तर काटा शून्यावर. चिप मात्र व्यवस्थित काम करत होती. शोधल्यावर कळलं, की बोर्डावर वीजपुरवठ्याचं कनेक्शनच नव्हतं! शेजारच्या सर्किटमधून सिग्नलच्या तारांवाटे जी काही वीज आत येत होती, तेवढ्यावर चिपचं भागत होतं. प्रत्यक्षात तिची भूक वॅटच्या दहाव्या हिश्शाइतकी निघाली. ट्रान्झिस्टर जेमतेम २५ हजार. त्याच वर्षीच्या इंटेलच्या ३८६ चिपमध्ये २ लाख ७५ हजार होते.

हीच ती एआरएम नावाची चिप. बॅटरीचा विचारसुद्धा मनात नसताना, निव्वळ काटकसरीपोटी जन्मलेली. आज जगातल्या जवळपास प्रत्येक मोबाइलमध्ये तिचीच वंशावळ आहे, आणि का ते हिशेब करून पाहता येतं. ५,००० एमएएचच्या बॅटरीत साधारण १९ वॅट-तास ऊर्जा मावते. शंभर वॅटचा पेंटियम तिला जोडला, तर अकरा-बारा मिनिटांत खेळ खलास. शिवाय मोबाइलला पंखा नाही. काही वॅटच्या वर फार वेळ गेलं, की तो हातात धरवत नाही आणि स्वतःहून मंदावतो. उन्हात व्हिडिओ शूट करताना हा अनुभव बहुतेकांनी घेतला असेल.

या मर्यादेत बसायला मोबाइलच्या चिपने जी युक्ती वापरली, ती मला फार आवडते. वेग २० टक्के कमी केला, की व्होल्टेजही साधारण तेवढंच उतरवता येतं. व्होल्टेजचा वर्ग धरून गुणाकार करा: ०.८ गुणिले ०.८ गुणिले ०.८, म्हणजे जवळपास निम्मा खर्च. म्हणजे एका पळणाऱ्या कोरच्या विजेत दोन दमाने चालणारे कोर बसतात आणि दोघांचं मिळून काम होतं १.६ पट. व्हिडिओ, फोटो अशा ठरावीक कामांना वेगळे विभाग ठेवायचे, लागेल तोच जागवायचा, बाकीचे झोपवायचे.

इंटेलला हे वळण दिसलं नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. दारात आलेलं गिऱ्हाईक परत गेलं, एवढं खरं. पहिल्या आयफोनसाठी अ‍ॅपलने इंटेलकडे विचारणा केली होती. अ‍ॅपल देत असलेला भाव अंदाजित उत्पादनखर्चाच्याही खाली होता, म्हणून इंटेलने नाही म्हटलं, आणि तो खर्चाचा अंदाजच चुकीचा निघाला, असं इंटेलचे तेव्हाचे प्रमुख पॉल ओटेलिनी यांनी २०१३मध्ये सांगितलं. २०१६मध्ये इंटेलने फोनच्या चिपचा नाद सोडला. २०२०च्या नोव्हेंबरमध्ये अ‍ॅपलने मोबाइलच्याच घराण्यातली एम१ चिप लॅपटॉपमध्ये घातली आणि मॅकबुक एअर पंख्याशिवाय विकायला काढला.

भारतात मात्र ‘पीसीची घसरण’ हे शब्द जरा जपूनच वापरावेत. २०११च्या जनगणनेत कॉम्प्युटर असलेली कुटुंबं साडेनऊ टक्के होती. २०१७-१८च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत शहरांत २३.४ टक्के, खेड्यांत ४.४ टक्के. जे घरात आलंच नाही ते जाणार कुठून? महाराष्ट्रात २००१पासून लाखोंनी एमएस-सीआयटी केलं, त्यातल्या कितीतरी जणांनी क्लास संपल्यावर माऊस पुन्हा हातात धरला नाही. त्यांचा स्वतःचा पहिला कॉम्प्युटर म्हणजे मोबाइल.

मोबाइलवर त्यांचं बरंच काही होतं: सातबारा, वीजबिल, बोलून केलेलं मराठी टायपिंग. अडतं ते भरतीचा अर्ज भरताना. फोटो ५० केबीच्या आत हवा, सही वेगळी स्कॅन करून हवी, जातीचा दाखला पीडीएफमध्ये, आणि एका खिडकीतून दुसरीत जाईपर्यंत सेशन संपतं. मग पोरं फोन खिशात घालून स्टँडजवळच्या नेट कॅफेत जातात. तिथला माणूस जुन्या डेस्कटॉपवर बघता बघता तो अर्ज भरून देतो, प्रिंट काढतो आणि पैसे मात्र फोनवरूनच घेतो.