श्वसनमार्गातील रोगप्रतिकारक पेशी : वयानुसार घडण

नाकपुडीपासून फुप्फुसातील वायुकोशांपर्यंतच्या अस्तरात राहून हवेतल्या जंतूंना आणि कणांना तोंड देणाऱ्या पेशींचा समूह. या पेशींची ताकद लहानपणी कमी, तरुणपणी भरपूर आणि उतारवयात पुन्हा कमी, हा प्रचलित समज अर्धवट आहे. वयाबरोबर खरा पालटतो तो पेशींचा गोतावळा.

वायुकोशांत पहारा देणाऱ्या, जंतू आणि कण गिळणाऱ्या महाभक्षक पेशींचे मूळ गर्भाच्या यकृतात असते. जन्मानंतर थोड्याच दिवसांत त्या तिथे स्थिरावतात आणि पुढे विभाजनाने आपली संख्या टिकवतात. संसर्ग किंवा धुराने त्या मेल्या, की अस्थिमज्जेतून रक्तावाटे आलेल्या पेशी त्यांची जागा घेतात. वय वाढते तसा या उपऱ्यांचा वाटा वाढतो.

कोल्हापूर परिसरात या पेशींच्या कामाची कल्पना गळीत हंगामात येते. गुऱ्हाळाच्या चुलवाणात वाळलेले चिपाड जळत असते. दिवसभर काहिलीपाशी वावरलेल्या माणसाने सकाळी नाक शिंकरले, की रुमालावर काळा डाग उमटतो. ती नाकातच अडकलेली जाड काजळी. बारीक कण मात्र वायुकोशांपर्यंत उतरतात आणि महाभक्षक पेशी ते गिळतात. कार्बन काही पचत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली पेशीच्या पोटात काळे ठिपके दिसतात. अशा लादलेल्या पेशीची जंतू गिळण्याची क्षमता घटू शकते.

नवजात बाळाच्या टी-पेशी, म्हणजे ठराविक जंतू ओळखून लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, बहुतांशी कोऱ्या असतात; त्यांची जंतूंशी गाठ पडलेली नसते. वारेतून मिळालेली आईची प्रतिपिंडे (जंतूंना चिकटून त्यांना निकामी करणारी प्रथिने) काही महिन्यांत संपतात. दुधातली प्रतिपिंडे घसा आणि आतड्याचे अस्तर राखतात. मग ‘अंगणवाडीत जायला लागल्यापासून पोराची सर्दीच हटंना’ ही तक्रार सुरू होते. प्रत्येक संसर्गानंतर त्या जंतूची ओळख ठेवणाऱ्या काही स्मृतिपेशी रक्तात न फिरता फुप्फुसातच मुक्काम ठोकतात. श्वसनमार्गाचे अनुभवी मनुष्यबळ ते हेच. नाकामागचे ॲडेनॉइड, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींचे मऊ गोळे, याच वयात सर्वांत मोठे असतात, म्हणून कित्येक मुले तोंड उघडे टाकून घोरतात. पौगंडावस्थेत ते आक्रसतात. मुलांच्या नाकाचे अस्तर विषाणूविरुद्ध प्रौढांपेक्षा अधिक सावध असते, हे कोविडकाळातील अभ्यासांत दिसले.

टी-पेशी जिथे तयार होतात त्या थायमसला मराठीत यौवनलोपी ग्रंथी म्हणतात. नाव अगदी चपखल आहे, कारण तारुण्यापासून ती झिजत जाते. म्हातारपणी जुन्या ओळखीच्या स्मृतिपेशी उरतात, कोऱ्या पेशी विरळ होतात. त्यामुळे ओळखीच्या विषाणूला अंग सावरून घेते, नव्यापुढे अडखळते, आणि लसीलाही प्रतिसाद मंद मिळतो. अस्तरावरील केसलांची, म्हणजे कफ पुढे ढकलणाऱ्या केसासारख्या सूक्ष्म तंतूंची, हालचाल संथावते, कफ साचतो, शिवाय सौम्य दाह सतत धुमसत राहतो. श्वसनमार्गाचा आरएसव्ही हा विषाणू दोन वर्षांच्या आत जवळपास प्रत्येक मुलाला गाठतो. त्याच विषाणूने बापाला नुसती सर्दी होते, तान्ह्याच्या बारीक श्वासनलिका सुजून कफाने तुंबतात आणि आजोबांना न्यूमोनिया होऊ शकतो.